वाट्यानं केलेली तलवारबाजी

राहुरीहून मुळा धरणाकडं जाणारा रस्ता कालवा ओलांडून पुढं गेला की डाव्या हाताचा ऊस जरा मागं सरतो आणि एक लांबच लांब पत्र्याची शेड दिसते. कोंबड्यांचा रोग आला त्या साली ती रिकामी झाली, ती झालीच. पुढं तिच्यात कडबा राहिला, ठिबकच्या फुटक्या नळ्या राहिल्या, उन्हाळ्यात एक-दोन कुत्री राहिली. जाणारा-येणारा म्हणायचा, मच्छिंद्र अण्णांचं एवढं पत्र्याचं काम वाया गेलं.

प्रज्ञानं ती शेड पाहिली तेव्हा तिला पत्रा दिसला नाही. तिला लांबी दिसली.

तलवारबाजीला रुंदी लागत नाही. दोघं समोरासमोर, एका अरुंद पट्ट्यावर. पुढं जायचं किंवा मागं यायचं. बाजूला सरकून सुटका करून घ्यायची सोय नाही. कोंबड्यांसाठी बांधलेल्या त्या लांबट शेडमध्ये असे पट्टे एकामागं एक बसत होते. रस्त्यावर स्कूटी उभी करून ती उन्हात किती वेळ त्या शेडीकडं बघत राहिली. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बाया एकमेकींना म्हणाल्या, ही रंभाजी पाटकऱ्याची पोरगी. हिचं काय हरवलंय तिथं?

रंभाजी म्हणजे तिचे वडील. कालव्याच्या फाट्यावर दारं उघडून रानारानाला पाणी सोडायचं काम त्यांनी निवृत्त होईस्तोवर केलं. त्याच्याही आधी, ऐन उमेदीत, ते एका बागायतदाराकडं सालगडी होते. ते दिवस त्यांनी पोरीला कधी सांगितले नाहीत. सांगितलं ते एवढंच, की शिक. ती शिकली. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला संभाजीनगरला गेली, आणि तिथं एका संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतल्या, तोंडावर जाळीचा मास्क चढवलेल्या मुली तिनं पाहिल्या. हातात बारीक, लवचीक पातं. टोक गुंडाळलेलं, पण नजर उघडी. तिला वाटलं, हे आपलं आहे. का वाटलं ते तिलाही सांगता येत नाही.

राज्याची पदकं तिनं मिळवली. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल म्हणून भरत्यांची वाट पाहिली. भरत्या निघाल्या, अडकल्या, पुन्हा निघाल्या. वय तेवढं अडकलं नाही. एका शाळेत तासिकेवर शिकवलं. करोनात शाळा बंद पडल्या, आणि उघडल्या तेव्हा तिच्या तासिका उघडल्या नाहीत. मग ती घरी आली आणि आईवडिलांना म्हणाली, मी क्लब काढते.

"क्लब?" तिची आई भिमाबाई चुलीपुढनं उठलीच. "अगं, तो पत्त्याचा असतो. पोलीस येत्यात."

"तलवारबाजीचा, आई."

"मग तर येतीलच."

हसणं झालं. पण क्लब निघाला.

मच्छिंद्र अण्णांच्या ओट्यावर तो ठरला. अण्णा गोड माणूस. आवाज मोठा, हात मोकळा, दारातून कोणी चहाशिवाय जायचा नाही. प्रज्ञा भाड्याचं बोलायला गेली होती. अण्णांनी हात हलवून ते बोलणं माशी उडवावी तसं उडवून लावलं.

"भाडं कशाचं घेता, ताई? आमी शेतकरी मानसं. वाट्यानं करू. जागा माझी, कष्ट तुमचे. खर्च सामाईक, वर राहील त्याच्यात निम्मं निम्मं. माझी दिशा बी शिकंल तुमच्याकडं. लई चपळ हाय पोरगी, घरात सारखी उड्या मारती."

दारात उभी असलेली दिशा, तेव्हा पाचवीतली, लाजून आत पळाली. अण्णांची बायको रतनबाई म्हणाली, "घ्या, चहा घ्या. आता घरच्याच झालात."

घरी येऊन प्रज्ञानं हे सांगितलं तेव्हा रंभाजी तंबाखू मळता मळता थांबले. "वाट्यानं म्हंजे पाडव्यापास्नं पाडव्यापतुर. पुढल्या पाडव्याचं काय ठरलंय?"

"आबा, ते शेतीचं. हा खेळ आहे."

"कागद कर."

"अण्णा तसे नाहीत."

रंभाजींनी तंबाखू तोंडात टाकली.

कागद झाला तो वेगळाच, आणि तो प्रज्ञानं स्वतःच्या हातानं केला. जिल्ह्याच्या संघटनेकडं क्लबची नोंद करायची होती. अध्यक्ष म्हणून तिनं मच्छिंद्र अण्णांचं नाव घातलं, प्रशिक्षक म्हणून स्वतःचं. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिचा हिशोब साधा होता: बागायतदाराचं नाव पाटीवर असलं तर मळ्यामळ्यांतली पोरं येतील, पाटकऱ्याच्या पोरीच्या नावावर येतील की नाही, कोण जाणे. ती खोटं बोलली नाही. आपल्या गावाला ओळखून वागली. गावाला ओळखणारी माणसंही इतकी चुकतात, हे तिला पुढं कळायचं होतं.

त्या शेडमध्ये तिनं काय केलं ते बघायला हवं होतं. बाजूच्या जाळ्यांना खताच्या रिकाम्या गोण्या शिवून वारा अडवला. भिंतींना चुना काढला. घासून घासून जमिनीचा वास काढला, तरी पावसाळी दिवसात तो उगवायचाच, आणि पोरं एकमेकांना "कोंबडीच्या" म्हणून चिडवायची. जमिनीवर ऑइलपेंटनं पट्टे आखले. नवख्यांच्या हाती पहिले काही महिने पोलादी पातं नाहीच. तुरीची सरळ काडी. काडी मोडली की पुन्हा पहिल्यापासून. वाशांना सायकलचे जुने टायर टांगलेले. त्या गोलातून काडीचं टोक नेमकं पार करायचं, टायर हलता कामा नये. खर्च कमी, शिस्त पुरेपूर. एकदा नगरहून आलेला एक प्रशिक्षक ते बघून हसला होता. जाताना मात्र त्यानं टायरचा फोटो काढून नेला.

पात्याचं टोक अंगाला टेकलं, म्हणजे टोचा लागला, की दिवा पेटतो ते यंत्र तिच्याकडं नव्हतं. म्हणून तिनं एक नियम केला. ज्याला टोचा लागला त्यानंच रिकामा हात वर करायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "लागला." मारणाऱ्यानं ओरडायचं नाही, मागायचं नाही. सुरुवातीला पोरं लबाडी करायची. मग लबाडी करणाऱ्याबरोबर कोणी खेळेना. मग हात आपोआप वर जाऊ लागले. संध्याकाळी उसाच्या फडावरून रस्त्यापर्यंत ऐकू यायचं: "लागला... लागला..." उन्हं कलताना जाणारा माणूस सायकल हळू करायचा. आमच्या भागात हार कबूल करायचा असा आवाज पूर्वी कोणी ऐकला नव्हता.

धंदा म्हणूनही ते चाललं. दहावीच्या मार्कांत खेळाचे वाढीव गुण मिळतात, भरतीत खेळाडूंना जागा असतात, हे एकदा आईबापांच्या ध्यानात आलं आणि बॅचमागून बॅच भरली. गहिनीनाथ नावाच्या दूध संकलनवाल्यानं आपला पोरगा आणला आणि त्याच्या मागोमाग दूध घालणारी निम्मी घरं. अण्णांचा पुतण्या करण आला. पोलीस भरतीत दोनदा नापास झालेला, दिवसभर मोटरसायकलवर फिरणारा, अंगानं दणकट पोरगा. तिनं त्याला शिकवलं, हाताखाली घेतलं, लहान पोरांची कवायत त्याच्यावर सोपवली. "मॅडम, तुमी नसता तर मी वाया गेलो असतो," असं तो चारचौघांत म्हणायचा.

आणि दिशा. अण्णा म्हणाले होते तशी ती चपळ होती, पण चपळ पोरं पुष्कळ असतात. दिशाला थांबता यायचं. समोरचा हलेपर्यंत ती हलायची नाही, आणि हलली की संपलेलं असायचं. प्रज्ञा तिच्यासाठी सकाळी शाळेआधी वेगळी यायची. ऊस दवानं भिजलेला, शेडीत दोघीच. त्या सकाळींचे पैसे तिनं घेतले नाहीत आणि कोणी देऊ केले नाहीत. पोरगी जिल्ह्याला पहिली आली. राज्याला जाऊन आली. रतनबाई म्हणायची, "आमची कमी, तुमचीच जास्त हाय ती." प्रज्ञाला ते खरं वाटायचं.

दर पाडव्याला अण्णा म्हणायचे, "चालू द्या, ताई." ती चालू द्यायची.

दोन वर्षांमागच्या पाडव्याला अण्णांनी शेडीपुढं मांडव घातला. क्लबचा कार्यक्रम म्हणाले. पोरं पांढऱ्या पोशाखात रांगेत, आईबाप खुर्च्यांवर, शेडीच्या दाराशी गुढी, आणि तिच्या शेजारी चादरीनं झाकलेला मोठा फ्लेक्स. प्रज्ञाला वाटलं, दिशाच्या पदकाचा असेल. ती निळा कुर्ता घालून, केस नीट बांधून, आनंदानं आली होती.

आधी तिचा मान झाला. रतनबाईनं सवयीनं करंडा उचलला, मग आठवून खाली ठेवला. प्रज्ञा कुंकू लावत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं जरीकाठाची जांभळी साडी नारळासकट प्रज्ञाच्या हातात दिली. गहिनीनाथनं मोबाईल वर धरला. "ताई, हिकडं बघा. हसा की जरा." प्रज्ञा हसली. टाळ्या झाल्या. तिनं साडी छातीशी धरली. इतक्या लोकांसमोर, मळ्याच्या दारात, पाटकऱ्याच्या पोरीचा सत्कार. आई इथं हवी होती, असं तिच्या मनात आलं.

मग अण्णांनी माईक घेतला.

"प्रज्ञाताईंनी हे रोप लावलं, वाढवलं. त्यांचे उपकार आमी इसरनार न्हाई. म्हनून आज त्यांचा मान केला. आता आजपासून क्लबचं सगळं आपला करण बघंल. घरचं पोरगं हाय, तुमच्या समोरचं हाय. ताईंचा आशीर्वाद हायच. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. चादर ओढली गेली. फ्लेक्सवर करण हाताची घडी घालून उभा होता, खाली लिहिलेलं 'मुख्य प्रशिक्षक'. खरा करण मांडवातून चालत आला आणि तिच्या पायाशी वाकला.

"मॅडम, आशीर्वाद द्या."

तिचा हात त्याच्या डोक्यावर गेला. सवयीनं गेला. दुसऱ्या हातात साडी होती.

ती घरी पोचली तेव्हा रंभाजी दारात खाटेवर होते. त्यांनी आधी तिच्या तोंडाकडं बघितलं नाही, साडीकडं बघितलं.

"घेतली?"

"हो."

ते उठून बसले. म्हणाले, "गड्याला काढायचं झालं की त्या मळ्यांत असंच करीत. शिवी न्हाई, भांडण न्हाई. पाडव्याला चार मानसांत कापड घालायचं. घेतलं की मिटलं. मग कुनाकडं जायची सोय राहत न्हाई. मला बी घातलं हुतं. पांढरं धोतर."

"मग आबा, मला आधी का नाही सांगितलं?"

"पोरी," रंभाजी म्हणाले, "मला वाटलं, तू शिकलेली. तुला कोन कापड घालंल?"

भिमाबाई आतून ऐकत होती. तिनं त्या रात्री कोणाला वाढलं नाही, आणि कोणी मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा साडी परत करायला गेली. रतनबाईनं हात मागं घेतले. "असं करू नये, बाई. मानाचं दिल्यालं परत घेत न्हाईत."

"मला मान नको, वहिनी. मला माझा क्लब द्या."

अण्णा आतून आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते. त्यांनी खुर्ची पुढं केली, चहा सांगितला.

"ताई, तुमचं मी वाईट काय केलं ते सांगा. चार लोकांत मान केला का न्हाई?"

"मला एकदा विचारलं असतं, अण्णा."

"इचारायचं काय त्याच्यात? पाडव्याला मानूस बदलतोच की. आमचं सगळं तसंच चालतं."

"मी गडी नव्हते."

"गडी कोन म्हनतं? वाटेकरी म्हनतोय मी. वाटेकऱ्याला किती मान असतो! गड्याला कुनी मांडव घालतं का?" ते खरंच दुखावले होते. मग खुर्ची जवळ ओढून, घरातलं माणूस घरातल्याला सांगतं तसं बोलले. "तुमाला म्हनून सांगतो. करणचं लगीन जमंना. बागायत हाय, ट्रॅक्टर हाय, तरी पोरीवाले इचारत्यात, पोरगा करतो काय? शेती म्हनलं की उठून जात्यात. आता निदान सांगता येतंय, स्वतःचा क्लब हाय, कोच हाय. तुमी शिकलेल्या. तुमाला कुटं बी मिळंल. त्याला कोन देणार?"

इतकी वर्षं चुना काढलेल्या भिंती, टायर, दवातल्या सकाळी, हे सगळं एका पोराच्या स्थळाच्या कागदावर एक ओळ व्हावी म्हणून निघून गेलं होतं. आणि सांगणाऱ्याच्या आवाजात लबाडी नव्हती. तेच प्रज्ञाला सोसेना. लबाडाशी भांडता येतं.

आतल्या दाराशी दिशा उभी होती. प्रज्ञानं तिलाच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"शिमग्याच्या आधीपास्नं." दिशा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. "पप्पा म्हनले, बोलू नको. मॅडमला सरप्राईज हाय."

शिमग्याच्या आधीपासून. म्हणजे त्या प्रत्येक सकाळी. मास्क चढवताना, पट्टा बांधून घेताना, "मॅडम, आज लंज लई खोल गेला ना, पाय पार पुढं पडला?" असं विचारताना. पोरीला दोष देता येत नव्हता, लहान होती. पण प्रज्ञाच्या आत जे तुटलं ते अण्णांच्या बोलण्यानं तुटलं नव्हतं, ते इथं तुटलं. ती साडी ओट्याच्या कठड्यावर ठेवून निघून आली. संध्याकाळी करण मोटरसायकलवरून आला आणि ती कुंपणाच्या तारेला अडकवून गेला. ऊसतोडीची शेवटची टोळी त्याच दिवसांत बीडकडं परत निघाली होती. भिमाबाईनं ट्रकमध्ये बसलेल्या एका लेकुरवाळीच्या मांडीवर ती साडी टाकली, आणि मागं वळून बघितलं नाही.

प्रज्ञा गप्प बसली नाही. संघटनेत गेली, तिथं तिला शांतपणे सांगण्यात आलं, क्लबचा प्रशिक्षक कोण हे अध्यक्ष ठरवतात. अध्यक्षाचं नाव तिच्याच अक्षरात होतं. मग ती आईबापांकडं गेली. घराघरांत पाणी मिळालं, चहा मिळाला. गहिनीनाथ डेअरीच्या वजनकाट्यापाशी उभा राहून म्हणाला, "ताई, आमाला दोगंबी सारखीच. पोराचं दहावीचं वरीस. गुणांच्या कागदावर सही अण्णांची चालती, आमी काय करनार? आन् मी काय म्हनतो, तुमी तर साडी घेतली. फोटो हाय माझ्याकडं. हसताय की!"

"मला सत्कार वाटला म्हणून हसले."

"सत्कारच हाय की तो!" गहिनीनाथनं मोबाईल काढून फोटो दाखवला. मनापासून दाखवला. फोटोत ती खरोखर सुंदर हसत होती.

प्रज्ञाच्या वस्तीत समाजमंदिर होतं. दिवसा रिकामं, संध्याकाळी बुद्धवंदना आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा. प्रज्ञानं मागितलं आणि वस्तीनं दिलं. अट एकच, वंदनेच्या आधी आवरायचं आणि फरशी पुसून द्यायची. खोली आखूड होती. सरळ पट्टा बसेना, म्हणून तिनं तो कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका आखला. एकावेळी एकच जोडी खेळणार, बाकीची भिंतीला टेकून बघणार. संभाजीनगरची तिची मैत्रीण माधुरी तिथं प्रशिक्षक होती. तिनं जुने मास्क आणि वाकलेली पाती गोणीत भरून एसटीनं पाठवली. रंभाजींनी तुरीच्या काड्या आणल्या, बघून बघून, सरळ तेवढ्याच.

वस्तीतली पोरं आली. लंकाबाई कांद्याच्या वखारीवर कामाला जायची, तिची जया आली. अंगानं काडी, पण पाय हलके. राहुरीतून नोकरदारांची दोन-तीन पोरं आली. मळ्यांतून कोणी आलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "तिकडं लांब पडतं." समाजमंदिर शेडीपेक्षा गावाला जवळ होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी ते पुन्हा बोललं नाही.

करणचं लग्न ठरलं. पत्रिकेत नावाखाली 'संचालक' छापलं गेलं. पत्रिका प्रज्ञाच्याही घरी आली, अण्णांनी स्वतः आणून दिली. लग्नानंतर करण शेडीत उशिरा यायला लागला. 'लागला'चा नियम त्यानं काढून टाकला. हात वर करणं त्याला कमीपणाचं वाटे. टोचा कोणाचा ते तो सांगणार. मग पोरं ओरडायला लागली, भांडायला लागली, दोन आया उसाच्या बांधावर एकमेकींच्या झिंज्या धरेपर्यंत गेल्या. गहिनीनाथचा पोरगा दहावी झाला आणि त्याच्याबरोबर ती सगळी बॅच गेली. नवी आली नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेला शेडीतली पोरं गेली ती पहिल्या फेरीतच परत आली. दिशा तेवढी पुढं गेली आणि उपांत्य फेरीत हरली. जिच्याशी हरली ती मुलगी थांबत होती; दिशा थांबत नव्हती. प्रज्ञा त्याच हॉलमध्ये जयाला घेऊन आली होती. जयाही हरली होती. प्रज्ञानं दिशाचा सामना शेवटपर्यंत बघितला आणि मग ती निघाली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी समाजमंदिरापुढं मोटरसायकल थांबली. अण्णा उतरले, मागं दिशा, खांद्याला पात्यांची लांब पिशवी. आत जया आणि दुसरा एक पोरगा तिरक्या पट्ट्यावर खेळत होते. अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"काय म्हनताय, ताई? बरं चाललंय की."

"चाललंय."

"न्हाई, मी सरळ सांगतो. माझं चुकलं आसंल तर माना. करणचं ध्यान न्हाई आता. पोरगीचं नुकसान व्हतंय. रोज रडती. तुमी घरी या शिकवायला. अंगणात फरशी टाकून देतो. मोटरसायकल पाठवतो, न्यायला-आनायला. तुमी म्हनाल ते देतो."

प्रज्ञानं दिशाकडं बघितलं. पोरगी उंच झाली होती. तिनं पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"इथं पाठवा, अण्णा. मी शिकवीन. पैसे सगळ्यांना तेच."

"हितं?"

"रोज पाच वाजता. शेवटी फरशी पुसायची पाळी असते, तेवढं सांगून ठेवते."

अण्णांनी आत बघितलं. समोरच्या भिंतीवरच्या तसबिरी, त्यांच्यापुढची मेणबत्ती, कोपऱ्यातली बादली, भिंतीला टेकलेली पोरं. सगळी पोरं त्यांच्याकडंच बघत होती.

"माझं काय न्हाई, ताई. माझ्या मनात तसलं काय न्हाई, तुमाला म्हाईत हाय. पण भावकी हाय. करणची सासरची मानसं येत्यात-जात्यात. लोक बोलत्यात."

"मी तुमच्या शेडीत आले तेव्हा आमच्याकडचे लोकही बोलले होते."

"काय बोलले?"

"कागद कर म्हणाले."

अण्णा हसले. मग त्यांना हसता येईना.

तेवढ्या वेळात दिशानं एका पायातली चप्पल काढली होती. पाय उंबऱ्यावर ठेवला नव्हता, नुसती चप्पल काढून ती उभी होती, एक पाय जमिनीवर, एक चपलेत. प्रज्ञाला ते दिसलं. ती बोलली नाही. तिला वाटलं, हे पाऊल माझ्या बोलण्यानं पडता कामा नये. तिनं पूर्वी कितीतरी वेळा त्या पोरीला हेच शिकवलं होतं, की पुढं कधी जायचं ते मारणाऱ्यानंच ठरवायचं असतं.

"चल गं," अण्णा म्हणाले, "उशीर व्हतोय."

दिशानं चप्पल पुन्हा घातली. वळताना ती म्हणाली, "येते, मॅडम." येणार आहे की जाते आहे, ते तिलाही माहीत नसावं. मोटरसायकल कालव्याच्या रस्त्याला लागली. प्रज्ञा जयाकडं वळली आणि म्हणाली, "ऑन गार्ड. पवित्रा घे."

दुसऱ्या दिवशी ती पाचच्या आधी आली. कोपऱ्यात एक मास्क जास्तीचा पुसून ठेवला. दिशा आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. रतनबाई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, पोरीला आता शिकवणी लावलीय, गणिताची. खेळाचं बघू पुढं. बोलताना ती भाजीकडं बघत होती.

समाजमंदिरातला क्लब लहानच राहिला, पण राहिला. वस्तीतली पोरं आहेत, राहुरीतली आहेत. हल्ली घोडेगावाकडच्या एका शिक्षकाची दोन मुलं आठवड्यातून एकदा येतात. पाटीवर प्रशिक्षक म्हणून प्रज्ञाचं नाव आहे आणि अध्यक्ष म्हणून भिमाबाईचं, जिला सही करताना अजून घाम फुटतो. फी वेळेवर येते, उशिरा येते, पण येते. मच्छिंद्र अण्णा रस्त्यात भेटले की आधीसारखेच हाक मारतात, "काय ताई!" आणि प्रज्ञा मान हलवते. हाकेत खोट नाही. म्हणूनच तिला ती हाक दिवसभर सलत राहते.

पूर्वी शिकवताना ती दाराकडं तोंड करून उभी राहायची. आता पाठ करून राहते, पोरांचे पाय उजेडात नीट दिसतात म्हणते. दार दिसलं नाही तरी तिचं काही अडत नाही. पोरं मात्र सांगतात, बाहेर एखादी मोटरसायकल मंदावली की मॅडमचा हात हवेत जरासा थांबतो, आणि मोटरसायकल पुढं निघून गेल्यावरच पुढचा टोचा येतो.